पिळदार अंगाचे हिरो आणि त्यांचा अभिनय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत लाल मातीच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. माझी वीसेक वर्षं या दोन्ही तालमींत गेली. पहाटे पेठेतल्या तालमीत दंड-बैठका आणि संध्याकाळी कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका. दोन्हीकडची मुलं मला सारखे तेच ते प्रश्न पाठवतात. आखाड्यातली विचारतात, आमच्या हिरोंना लोक नट का म्हणत नाहीत? नाटकवाली विचारतात, यांना नट म्हणायचंच कशाला? हीच उत्तरं मी रात्री-बेरात्री फोनवर देत आलोय, म्हणून आता एकदा नीट लिहून ठेवतो.

१. दादा, बॉडी असलेले हिरो अभिनयात कच्चेच असतात, हे खरं ना?

नाही. असा समज का झाला ते मला कळतं, पण तो खरा नाही.

ही माणसं सिनेमात वेगळ्या दारानं येतात. कोणी शरीरसौष्ठवातून येतो, कोणी कुस्तीतून, कोणी कराटेतून. पहिल्या चार-पाच सिनेमांत त्यांच्याकडून एवढंच मागितलं जातं की शर्ट काढ, दार तोड आणि दोन वाक्यं बोल. ज्याला दोनच वाक्यं दिली, त्याच्याकडून तिसऱ्याची अपेक्षा कशी ठेवायची? अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या १९७० च्या ‘हर्क्युलिस इन न्यूयॉर्क’मध्ये त्याचे ऑस्ट्रियन उच्चार चालणार नाहीत म्हणून त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घातला होता. आवाजच काढून घेतलेल्या माणसाला नापास करून आपण मोकळे होतो.

आता दुसरी बाजू. सिल्व्हेस्टर स्टॅलोनला १९७६ च्या ‘रॉकी’साठी अभिनय आणि पटकथा अशी दोन्ही ऑस्कर नामांकनं मिळाली. एकाच सिनेमासाठी ही दोन्ही नामांकनं त्याच्याआधी फक्त चॅप्लिन आणि ऑर्सन वेल्स यांना मिळाली होती. सनी देओलकडे दोन राष्ट्रीय पुरस्कार आहेत (प्रश्न ६ पाहा). संजय दत्तनं महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये (१९९९) जे केलं, ते बघून दंड किती इंचांचा हे कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

२. मग तुम्ही तुलना कशावर करता? आपल्याला तर सगळे सारखेच वाटतात.

सगळ्यात आधी मी बघतो, समोरचा बोलत असताना हा काय करतोय. ऐकतोय, की आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघतोय? वाट बघणाऱ्याचे डोळे बोलणाऱ्याच्या तोंडावर खिळलेले असतात आणि मान ताठ असते. ऐकणाऱ्याचा श्वास समोरच्याच्या वाक्याबरोबर बदलतो. छाती रुंद असली की श्वास लांबूनही दिसतो, म्हणजे या हिरोंना हे लपवताच येत नाही.

दुसरं बघतो हरणं. जिंकताना कोणीही बरा दिसतो. कुस्तीत पाठ मातीला लागली की पैलवानाचं तोंड एक क्षणभर लहान मुलासारखं होतं, मी रोज बघतो. पडद्यावर तो क्षण ज्याला आणता येतो, तो माझ्या लेखी नट.

तिसरं म्हणजे हातातली लहान वस्तू. चहाचा कप, चष्मा, पत्र, पोराचा बूट. मोठ्या हाताला लहान वस्तू कशी धरावी हे ज्याला सुचतं, त्याला आपलं शरीर अभिनयाला जोडता आलेलं असतं.

आवाज मी शेवटी बघतो. डबिंगनं तिथं सगळा घोळ होतो, त्याबद्दल प्रश्न १० मध्ये लिहिलंय.

३. स्टॅलोन भारी की श्वार्झनेगर? एकच नाव सांगा.

नट म्हणून स्टॅलोन.

जन्माच्या वेळी डॉक्टरांच्या चिमट्याची इजा होऊन त्याच्या चेहऱ्याच्या खालच्या डाव्या भागातल्या नसा दुखावल्या. त्यामुळे ओठ एका बाजूला ओढलेला आणि बोलणं थोडं जडसर. दुसऱ्या कोणी हे लपवायची धडपड केली असती. त्यानं स्वतःच असा माणूस लिहिला, ज्याला शब्द सापडत नाहीत. ‘रॉकी’मध्ये म्हातारा ट्रेनर मिकी त्याच्या खोलीवर येतो. इतकी वर्षं ज्यानं या पोराला हिडीसफिडीस केलं, तो आता संधी आल्यावर ‘मी तुला तयार करतो’ म्हणून विनवतोय. रॉकी धड उत्तर देत नाही. बाथरूममध्ये जाऊन दार लावतो. म्हातारा जिना उतरायला लागल्यावर हा बाहेर येऊन बंद दारावर ओरडतो, सगळी वर्षांची मळमळ काढतो. मग रस्त्यावर त्याच्यामागे धावत जातो. तिथं कॅमेरा लांब उभा आहे, शब्द ऐकू येत नाहीत, फक्त दोघांचे हात मिळालेले दिसतात. राग, लाज, कीव आणि होकार, हे सगळं त्यानं एका दमात केलंय. कोणत्याही अभिनय शाळेनं दाखवावा असा हा तुकडा आहे.

‘फर्स्ट ब्लड’चा (१९८२) शेवट बघा. अख्खा सिनेमा जवळजवळ मुका असलेला रॅम्बो शेवटी आपल्या कर्नलसमोर कोसळतो आणि सायगावमध्ये मेलेल्या मित्राबद्दल तुटक तुटक बोलत राहतो. १९९७ च्या ‘कॉप लँड’साठी त्यानं सुमारे १८ किलो वजन वाढवलं, एका कानानं बहिरा असलेला सुस्त शेरीफ केला, आणि रॉबर्ट डी नीरो, हार्वी कायटेल समोर असताना कुठंही उणा पडला नाही. ‘क्रीड’साठी (२०१५) जवळजवळ चाळीस वर्षांनी त्याच भूमिकेसाठी पुन्हा ऑस्कर नामांकन मिळालं, गोल्डन ग्लोब तर जिंकलाच.

श्वार्झनेगरचं मोठेपण दुसरं आहे. सात वेळा मिस्टर ऑलिम्पिया, म्हणजे शरीरसौष्ठवातला सगळ्यात मोठा किताब, जिंकलेल्या माणसाला आरशासमोर उभं राहून स्वतःला परक्यासारखं बघायची सवय असते. आपल्याकडून काय होतं आणि काय होत नाही याचा त्याच्याइतका अचूक हिशोब मी दुसऱ्या कोणाकडे पाहिला नाही. ‘द टर्मिनेटर’मध्ये (१९८४) त्याचा विचार आधी नायकाच्या भूमिकेसाठी चालला होता, पण तो यंत्रमानव झाला. तिथं त्याचे डोळे आधी फिरतात, मग मान, मग खांदे. माणूस असं वळत नाही. हा विचार करून केलेला अभिनय आहे. ‘ट्विन्स’ (१९८८) आणि ‘किंडरगार्टन कॉप’मध्ये (१९९०) त्यानं तेच आडवंतिडवं शरीर विनोदासाठी वापरलं. त्याचं टायमिंग स्टॅलोनपेक्षा सरस आहे, विनोदात स्टॅलोन त्याच्या जवळपासही येत नाही. पण मुलीला गमावत चाललेल्या बापाचा ‘मॅगी’ (२०१५) बघताना मला दिसलं की दुःखाच्या प्रसंगात तो थांबतो, गप्प राहतो आणि ते शोभतंही. मात्र स्टॅलोन जसा उसवत जातो, तसा तो उसवत नाही.

४. डायलॉग कमी म्हणजे अभिनय कमी, असं नाही का?

उलट आहे. वाक्य असलं की नटाला काठी मिळते. वाक्य नसलं की स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.

यासाठी मी सगळ्यांना एकच प्रसंग दाखवतो, ‘ब्लेड रनर २०४९’ची (२०१७) सुरुवात. डेव्ह बाउटिस्टा, म्हणजे कुस्तीच्या टीव्ही शोमधला तो डोंगराएवढा माणूस. तो शेतातून घरात येतो. चुलीवर भांडं ठेवलेलं, त्यात लसूण शिजतोय. आत अंधारात मारेकरी बसलाय हे त्याला कळतं. तो काय करतो? हात धुतो, आणि नाकावर छोटासा गोल चष्मा चढवतो. त्या चष्म्यानं तो आखाड्यातला राक्षस एकदम गावाकडचा थकलेला मास्तर होतो. पुढं मारामारी आहेच, पण ती सुरू होण्याआधीच आपण त्याच्या बाजूचे झालेलो असतो.

टॉम हार्डीनं ‘द डार्क नाइट रायझेस’मध्ये (२०१२) अर्धा चेहरा मुखवट्याखाली ठेवून काम केलं आणि पुढच्याच वर्षी ‘लॉक’मध्ये अख्खा सिनेमा एका मोटारीत बसून फोनवर बोलत काढला. एकात तोंड झाकलेलं, दुसऱ्यात अंग झाकलेलं. दोन्ही लागोपाठ बघा, एका रविवारचं काम आहे.

५. कुस्तीतून आलेले चांगले की शरीरसौष्ठवातून आलेले?

माझा कल कुस्तीकडे आहे, आणि तो फक्त मी मातीत वाढलो म्हणून नाही.

शरीरसौष्ठवात स्थिर उभं राहून दाखवायचं असतं. समोर परीक्षक, अंगाला तेल, श्वास रोखलेला. रोखलेला श्वास हा अभिनयाचा वैरी. कुस्तीत समोर दुसरा माणूस असतो आणि त्याच्या प्रत्येक हालचालीला उत्तर द्यावं लागतं. सवाल-जवाब असतो तो. अमेरिकी टीव्हीवरच्या कुस्तीत तर भरल्या प्रेक्षकांसमोर माईक हातात घेऊन भांडावंही लागतं. ड्वेन जॉन्सन, जॉन सीना, बाउटिस्टा तिघेही त्याच शाळेतले. तिघांत मी बाउटिस्टाला वर ठेवतो, कारण त्यानं ठरवून लहान आणि अवघड भूमिका घेतल्या. जॉन्सन बरीच वर्षं स्वतःचीच गोड छबी सांभाळत राहिला. ‘द स्मॅशिंग मशीन’मध्ये (२०२५) मात्र त्यानं ती खाली ठेवली आणि व्यसनात घसरणारा लढवय्या केला. हे आधी का केलं नाही, असं वाटून हळहळ वाटली मला.

आणि आपला दारासिंग. ‘किंग काँग’ (१९६२) वगैरे सिनेमांत पैलवानी होतीच. पण ‘आनंद’मधला (१९७१) त्याचा लहानसा पैलवान बघा, किती मायेचा आहे. साठीच्या उंबरठ्यावर त्यानं टीव्हीवरच्या ‘रामायण’मध्ये हनुमान केला. एवढ्या बलाढ्य माणसानं हात जोडून, मान तिरकी करून, रामाकडे खालून वर बघायचं. ती नम्रता अंगातून आली होती, डायलॉगमधून नाही. आमच्या तालमीत मारुतीसमोर पणती लावताना माझ्या डोळ्यांसमोर अजून तोच येतो.

६. सनी देओल नुसता ओरडतो. त्याला नट का म्हणायचं?

कारण ओरडण्याआधी तो काय करतो ते तुम्ही विसरलात. ‘घायल’साठी (१९९०) त्याला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि राष्ट्रीय पुरस्कारांत ज्युरींनी खास दखल घेतली. ‘दामिनी’साठी (१९९३) सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘ढाई किलो का हाथ’ सगळ्यांना पाठ आहे. पण तो वकील खचलेला, दारूत बुडालेला माणूस आहे. त्याच्या चेहऱ्यावर तो थकवा आधी येतो, म्हणून नंतरचा आवाज खरा वाटतो. सनीचा स्वभाव लाजरा आहे, आणि लाजऱ्या माणसाचा स्फोट जास्त घाबरवतो. पुढच्या बऱ्याच सिनेमांत दिग्दर्शकांनी नुसता स्फोट घेतला आणि लाज टाकून दिली, ही माझी खरी तक्रार आहे.

७. धर्मेंद्रला कुठं ठेवणार? आणि सलमानला?

धर्मेंद्रला सगळ्यात वर. या पानावरच्या सगळ्या देशी नावांत वर.

१९६६ सालच घ्या. ‘फूल और पत्थर’मध्ये तो शर्ट काढतो आणि रस्त्यावर झोपलेल्या म्हाताऱ्या भिकारणीच्या अंगावर घालतो. उघडं अंग दिसतं, पण आपण बघतो ती त्याची माया. त्याच वर्षी ‘अनुपमा’मध्ये तोच माणूस इतका मऊ आणि संकोची लेखक होतो की खांदे कुठं गेले असं वाटावं. १९६९ मध्ये ‘सत्यकाम’. १९७५ मध्ये एकीकडे ‘शोले’चा टाकीवर चढलेला वीरू आणि दुसरीकडे ‘चुपके चुपके’चा शुद्ध हिंदी झाडणारा प्रोफेसर. असा पल्ला हॉलिवूडमधल्या कुठल्याही पिळदार हिरोकडे दाखवा. इतकं असून सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर त्याला कधीच मिळाला नाही. फिल्मफेअरनं १९९७ मध्ये जीवनगौरव देऊन सन्मान केला.

सलमानबद्दल मला दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात, तरी लिहितो. तो आळशी नट आहे असं मला वाटतं, वाईट नाही. ‘सुलतान’मध्ये (२०१६) पोट सुटलेला सुलतान आरशासमोर उभा राहतो. शर्ट काढतो, स्वतःकडे बघतो आणि रडायला लागतो. ज्यानं आयुष्यभर शर्ट काढून टाळ्या घेतल्या, त्यानंच शर्ट काढल्याची लाज दाखवली. त्या एका प्रसंगात त्यानं आपली सगळी कारकीर्द कामाला लावली. ‘बजरंगी भाईजान’मध्येही (२०१५) तो छान ऐकतो, समोरची मुलगी मुकी असूनसुद्धा. पण हे असं तो फार क्वचित करतो.

८. वीस किलो वाढवले, वीस किलो उतरवले, हा अभिनयच ना?

ही तयारी आहे. मोठी तयारी आहे, जिवावर बेतणारी आहे, पण अभिनय त्यानंतर सुरू होतो. आमिर खाननं ‘दंगल’मध्ये (२०१६) आधी म्हातारा, जाडा महावीर चित्रित केला आणि मग वजन उतरवून तरुणपण केलं. माझ्या लेखी त्याचं श्रेय पोटाला नाही. मुलींशी बोलताना अवघडून जाणाऱ्या बापाला आहे. ख्रिश्चन बेल ‘द मशिनिस्ट’मध्ये (२००४) हाडांचा सापळा झाला आणि पुढच्याच वर्षी बॅटमॅन. लोक किलो मोजत बसले, आणि त्यानं माणूस आतून कसा बदलला ते बघायचं राहूनच गेलं.

या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्या मराठीत आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ (२०१०). अतुल कुलकर्णीचा गुणा कागलकर सुरुवातीला शेतमजूर, पैलवानी अंगाचा, मिशीवाला गडी. त्याला तमाशात राजा व्हायचंय. पण फडाला नाच्या मिळत नाही, आणि अखेर तो स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णीनं त्यासाठी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. पण माझ्या पोरांना मी सांगतो, वजनाकडे बघू नका, मनगटाकडे बघा. आधी त्या मनगटात ओझं आहे, नंतर तेच मनगट हवेत वळतं. मान आधी खांद्यांत रुतलेली असते, नंतर लांब होते. आणि नाच्या झाल्यावरही, अपमान झाला की क्षणभर जुना पैलवान डोळ्यांत उभा राहतो आणि गिळला जातो. गमावलेलं शरीर डोळ्यांत शिल्लक ठेवणं किलोंमध्ये मोजता येत नाही. जगातल्या कुठल्याही यादीत ही भूमिका मी पहिल्या पाचांत ठेवीन, आणि हे मी मराठीपणाच्या प्रेमानं म्हणत नाही.

९. मराठीत असे ॲक्शन हिरो कमी का? आत्ता कोण आहे?

आपला सिनेमा बराच काळ तमाशा, कुटुंब आणि विनोद यांवर उभा होता, आणि नट नाटकातून यायचे. नाटकात शेवटच्या रांगेला ऐकू जाणारा आवाज लागतो, पोटावरच्या सहा वड्या तिथून दिसत नाहीत. मारामारीच्या सिनेमाला लागणारा पैसाही नव्हता. शिवकालावरचे सिनेमे आणि मालिका वाढल्या, तशी कमावलेल्या अंगाची गरज आली. देवदत्त नागे ‘जय मल्हार’चा खंडोबा म्हणून घराघरांत गेला, पुढं ‘तान्हाजी’मध्ये (२०२०) सूर्याजी झाला. अंकित मोहननं ‘फर्जंद’ (२०१८) केला. माझी पसंती मात्र शरद केळकरला. ‘तान्हाजी’तला त्याचा शिवाजी महाराज जेमतेम हलतो, आवाज चढवत नाही, आणि तरी सगळा दरबार त्याच्याभोवती फिरतो.

‘छावा’बद्दल (२०२५) विचारणाऱ्यांसाठी: हो, विकी कौशलनं अंग कमावलं होतं, आणि पुण्यात लोक थिएटरमधून डोळे पुसत बाहेर येत होते. त्या भावनेत संभाजी महाराजांवरची आपली श्रद्धा किती आणि नटाचं काम किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मी शेवटचा भाग बघतो. साखळदंडांत हात-पाय बांधलेले, उरले फक्त डोळे आणि आवाज. तिथं तो उतरला आहे. तरी विकीचं सगळ्यात चांगलं काम मला ‘सरदार उधम’मध्ये (२०२१) दिसतं, जिथं तो बराच वेळ नुसता गप्प आहे.

१०. हिंदीत डब केलेला सिनेमा बघून अभिनय ठरवता येतो का?

अर्धाच. हिंदी ‘बाहुबली’त आपण जो घुमणारा आवाज ऐकला, तो प्रभासचा नाही, वर उल्लेख केलेल्या शरद केळकरचा आहे. मग पुण्यात बसून ‘प्रभासचा आवाज काय भारदस्त’ म्हणणाऱ्यांनी कोणाचं कौतुक केलं? नटाच्या कामात वाक्य कुठं तोडायचं, श्वास कुठं घ्यायचा, हे फार मोठं असतं. ते मूळ भाषेतच बघायला मिळतं. भाषा कळत नसेल तरी एक प्रसंग मूळ आवाजात लावून बघा. चाल, नजर आणि ऐकणं यांना डबिंग लागत नाही, त्यांची तुलना खुशाल करा.

११. स्टंट स्वतः केले तर त्याचे मार्क जास्त का?

धाडसाचे मार्क जास्त, अभिनयाचे नाही. विद्युत जामवालचं कलरीपयट्टू, म्हणजे केरळची जुनी युद्धकला, आणि टायगर श्रॉफच्या उड्या बघून मीही थक्क होतो. जेसन स्टॅथम तर १९९० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडकडून डायव्हिंग करून आलेला. पण मारामारीच्या शेवटी तो माणूस बदललेला दिसतो का, हे मी विचारतो. ठोसा मारणं कसरत आहे. ठोसा खाणं अभिनय आहे, कारण दुखणं खोटं असतं आणि ते खरं दाखवायचं असतं.

१२. मी रोज जिम करतो. मला नाटकात यायचंय, पण दिग्दर्शक म्हणतो तू लाकडासारखा दिसतोस. बॉडी सोडू का?

सोडू नकोस. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालमीतला एक पोरगा मी पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेतल्या आमच्या एकांकिकेत घेतला. अंग असं की बाहीत दंड मावत नव्हता. भूमिका होती चहाच्या टपरीवर मुलाची वाट बघणाऱ्या बापाची. पहिले आठ दिवस हात अंगापासून वीतभर लांब, छाती पुढं, पोट आत. बाप दिसेचना. आवाज घशातच अडकायचा, कारण पोट आत ओढलं की श्वास खाली जात नाही. सगळे म्हणाले, बदला याला. एका ज्येष्ठ परीक्षकांनी सराव बघून ‘याला मागे भालदार म्हणून उभा करा’ असं त्याच्यासमोर म्हटलं. मला ते फार लागलं. त्यालाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला संवाद दिलेच नाहीत. खरा कटिंग चहा हातात दिला, उकळता. म्हटलं, हा सांडू न देता टपरीपासून बाकड्यापर्यंत ये आणि बस. काचेचा पेला कडेनं धरायचा, म्हणजे कोपर अंगाला लागणारच. वाफ तोंडावर आली की मान खाली जाणारच. बसताना चहा हिंदकळू नये म्हणून श्वास सोडावाच लागतो. तिसऱ्या फेरीला तो बाकड्यावर बसला, पेल्यावर फुंकर मारली आणि रस्त्याकडे बघितलं. खांदे उतरले होते. समोर बसलेल्या मुली बोलायच्या थांबल्या. त्या दोन हातांत एवढी ताकद आहे आणि तरी तो फक्त पेला धरून बसलाय, हेच त्या बापाचं दुःख झालं. किरकोळ अंगाच्या मुलाला ते तसं मिळालं नसतं.

तेव्हा तुझ्यासाठी: प्रयोगाआधी पुश-अप मारून अंग फुगवू नकोस. पोट सैल सोड. रोज एक काम सावकाश कर, सुईत दोरा ओव, मटार सोल, आणि तेव्हा खांदे कुठं आहेत बघ. आणि शिक्षण घे. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर असलेल्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेतून बाहेर पडलेला मिथुन चक्रवर्ती पुढं नाच आणि मारामारीसाठी ओळखला गेला, पण पहिल्याच सिनेमासाठी, ‘मृगया’साठी (१९७६), त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय.

१३. यात बायकांची नावं का नाहीत?

विचारलंत ते बरं झालं. सिगर्नी वीव्हरला ‘एलियन्स’साठी (१९८६) सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन होतं, तेही मारामारीच्या सिनेमात. आणि लिंडा हॅमिल्टन. १९८४ च्या पहिल्या ‘टर्मिनेटर’मधली घाबरलेली वेट्रेस आणि १९९१ च्या दुसऱ्या भागात कोठडीतला पलंग उभा करून त्याच्या पायांना लटकून पुल-अप्स काढणारी आई. त्या दंडांत वात्सल्य पार आटून गेलंय, आणि तिचा मुलगा समोर आल्यावर ती त्याला मिठी मारण्याऐवजी कुठं लागलंय का म्हणून चाचपते. प्रश्न ८ मधला निकष लावला तर शरीरातला बदल आणि आतला बदल इतका एकजीव झालेला मला फार थोड्या पुरुषांत दिसला.

१४. चेहरा दगडासारखा ठेवणं आणि चेहऱ्यावर काहीच न येणं, यात फरक कसा ओळखायचा?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. एकाच सिनेमावर ठरवू नका. त्याच नटाचा दुसरा, वेगळ्या जातीचा सिनेमा बघा. दगड ठरवून ठेवलेला असेल तर दुसरीकडे तो वितळलेला सापडतो. नसेल सापडत, तर सिनेमाच्या आत बघा. पहिल्या रिळातला दगड आणि शेवटच्या रिळातला दगड एकच आहे का? ‘टर्मिनेटर’च्या दुसऱ्या भागात श्वार्झनेगर तोच आहे, तरी शेवटी वितळत्या लोखंडात उतरताना अंगठा वर करतो तेव्हा आपला गळा दाटतो, म्हणजे दोन तासांत तो कणाकणानं बदललाय.

आणि कधी कधी उत्तर यायला वीस वर्षं लागतात. बेल्जियमचा जाँ-क्लोद व्हॅन डॅम. ऐंशी-नव्वदच्या दशकात त्याची तंगडी दोन बाजूंना पसरलेली पोस्टरं सगळ्यांनी पाहिली, आणि मीही त्याला दगडांच्या यादीत टाकून दिला होता. २००८ च्या ‘जेसीव्हीडी’मध्ये तो स्वतःचीच भूमिका करतो, उतरणीला लागलेला, मुलीचा ताबा गमावत चाललेला नट. मध्येच तो बसल्या जागेवरून वर उचलला जातो, सेटच्या वर, दिव्यांच्या रांगेत. तिथं कॅमेऱ्याकडे बघत तो कित्येक मिनिटं बोलतो. व्यसन, प्रसिद्धी, वाया घालवलेली वर्षं. मध्ये कुठं काटछाट नाही, कुठं लाथ नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री उठून यादीतलं त्याचं नाव खोडलं.